पायगुण आणि पदभार : राज्याच्या मुख्य सचिवांना एक खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : अधिकाऱ्यांच्या मुदतपूर्व बदल्या, पदभाराची देवघेव आणि संकटकाळातील श्रेय-अपश्रेय यांबाबत.

सविनय नमस्कार.

मी महसूल खात्यात ३५ वर्षे काम करून २०१८ साली अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बहुतेक काळ मराठवाड्यात, म्हणजेच टंचाईच्या कामांत, पंचनाम्यांत आणि पैसेवारीच्या, म्हणजे गावोगावच्या पिकाच्या पैशांत काढलेल्या अंदाजाच्या, तक्त्यांत गेला. या काळात कितीतरी तहसीलदार आणि जिल्हाधिकारी आले आणि गेले. त्यांच्यापैकी एखाद्याच्या बदलीच्या निषेधार्थ बाजारपेठ बंद राहिलेली मी पाहिली आहे, आणि दुसऱ्या कोणाच्या बदलीनंतर त्याच बाजारपेठेत पेढे वाटलेलेही पाहिले आहेत. दोन्ही वेळा एकच प्रश्न मनात येत असे. मोडकळीला आलेले कार्यालय सावरते किंवा संकटात सापडलेला जिल्हा तगून राहतो, त्यात वरच्या खुर्चीवरील माणसाचा वाटा नेमका किती असतो? आणि तो वाटा मोजण्यात चूक होत असल्यामुळे माणसे कधी हलवायची आणि कधी ठेवायची, याबद्दलचे शासनाचे निर्णयही चुकत नाहीत ना? हे पत्र त्या प्रश्नापोटी लिहीत आहे.

पूर्वी घरात नवी सून आली की तिचा पायगुण पाहत. त्या वर्षी म्हैस व्याली, विहिरीला पाणी लागले तर सून लक्ष्मी ठरे, आणि बैल दगावला तर त्याचा दोष त्या बिचारीच्या माथी येई. घरांतून ही रीत बरीचशी गेली, परंतु कार्यालयांतून गेलेली नाही. मे महिन्यात रुजू झालेला जिल्हाधिकारी पहिल्या दिवसापासून टँकरच्या मागण्या पाहतो, जूनमध्ये पाऊस येतो, जुलैअखेर टँकर बंद होतात आणि साहेबांचा पायगुण चांगला म्हणून लोक समाधान मानतात. ऑगस्टमध्ये रुजू झालेल्या दुसऱ्या एखाद्याने त्याहून अधिक कष्ट केले, पण परतीच्या पावसाने पाठ फिरवली, तर त्याची कारकीर्द दुष्काळी म्हणून लक्षात राहते. शासनाकडून या समजुतीला नकळत बळ मिळते, कारण परिस्थिती अगदी हाताबाहेर गेली की माणूस बदलला जातो. सर्वांत वाईट अवस्थेनंतर बहुधा थोडी बरी अवस्था येतेच, माणूस बदललेला असो वा नसो. त्या बरेपणाचे श्रेय नव्याला मिळते, जुना कायमचा नालायक ठरतो, आणि अवस्था मुळात वाईट का झाली होती हे शोधण्याची निकड कोणालाच उरत नाही.

लातूरचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. मांजरा धरण आटले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. त्या गाडीचे श्रेय घेणारे अनेक होते, आणि शहरावर ही वेळ आणल्याबद्दल त्या वेळी पदावर असलेल्यांना बोल लावणारेही अनेक होते. प्रत्यक्षात गाडी धावली ती मिरजेत वाघिणी भरण्याची सोय उभी करणाऱ्या आणि लातुरात पाणी उतरवून शुद्धीकरणापर्यंत नेणाऱ्या अभियंत्यांच्या, गँगमनच्या आणि पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांच्या कष्टांवर. धरण आटले त्यामागे एका वर्षाचा नव्हे तर अनेक वर्षांचा हिशेब होता. पाणलोटात आणि लाभक्षेत्रात वाढत गेलेला ऊस, शहरातील जलवाहिन्यांची गळती, भूजलाचा बेसुमार उपसा, आणि पाणी कमी होत चालल्याचे आकडे दर आठवड्याच्या तक्त्यात वर जात असूनही वेळेवर न झालेली कपात, या सगळ्याला कोणा एकाची सही नव्हती. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी मांजरात भरपूर पाणी आले आणि चर्चा संपली.

नेतृत्वाला काहीच अर्थ नाही, असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे माझ्या स्वतःच्या आयुष्याशी प्रतारणा ठरेल, कारण १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो आणि आमचे घर ज्या कामामुळे जगले ते काम कोणाच्या तरी निर्णयामुळेच निघाले होते. आई नालाबांधावर माती वाहत असे, वडील खडी फोडत, आणि आम्हा मुलांना सुकडी मिळे. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी येई. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण ती होती. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. सलग तिसऱ्या वर्षी पिके गेलेली असताना, खेड्यापाड्यांत धान्याचा कण नसताना, इतक्या माणसांची रोज हजेरी लावणे, खोदलेल्या मातीचे मोजमाप घेणे, दर आठवड्याला पगार वाटणे आणि धान्य पोहोचवणे हे काम महाराष्ट्राने केले. माणसांचे फार हाल झाले, गुरे गेली, घरे मोडली, स्थलांतर झाले. परंतु जुन्या दुष्काळांत पडत तसे माणसांचे सडे पडले नाहीत.

याचे श्रेय कोणाचे? मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. हवी तितकी कामे काढण्याचा निर्णय त्यांच्या सरकारने घेतला आणि त्याची जबाबदारी अंगावर घेतली. दुसरे नाव वि. स. पागे यांचे. ते १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते आणि मागेल त्याला काम या त्यांच्या कल्पनेचा प्रयोग १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाला होता. दुष्काळ येण्यापूर्वीच ही कल्पना कागदावर आणि जमिनीवर अजमावून पाहिलेली होती, हे फार महत्त्वाचे आहे. संकटात सुचलेली आणि संकटाआधी तयार असलेली गोष्ट यांत दुष्काळी भागातल्या माणसाच्या लेखी जीवन-मरणाचे अंतर असते.

या दोन नावांच्या मागे आणखी एक रांग उभी आहे, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. कामे काढा, मजुरी वाढवा, पगार वेळेवर द्या म्हणून तहसील कचेऱ्यांवर मोर्चे नेणारे मजूर त्या रांगेत आहेत आणि त्यांना संघटित करणारे लाल निशाणचे, शेतकरी कामगार पक्षाचे, समाजवादी आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते आहेत. हजेरीपटावर रोज शेकडो अंगठे घेणारे कारकून, मुकादम आणि बांधकाम खात्याचे ओव्हरसियर आहेत. त्या सर्वांच्याही मागे टंचाईचे नियम आहेत. माणूस उपाशी पडण्याआधी कामे केव्हा आणि कशी उघडायची हे त्या नियमांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेले होते.

त्या नियमांचा उगम पाहिला की नेतृत्वाचा प्रश्न निराळ्याच बाजूने दिसू लागतो. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात व्हाइसरॉयच्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च वाचवण्यासाठी मजुरांना दिवसाला एक पौंड धान्याइतकीच मजुरी द्यावी असा आग्रह धरला. त्या मजुरीत खडी फोडणारा माणूस जगू शकत नव्हता. मुंबई इलाख्यातील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. टेंपल हे कर्तबगार प्रशासक म्हणून ओळखले जात, आणि दुष्काळ चालू असतानाच, १८७७ साली, ते मुंबईचे गव्हर्नरही झाले. परंतु पुढच्या काळात माणसे वाचली ती त्यांच्या कर्तबगारीने वाचली असे म्हणता येणार नाही. त्यांच्या चुकीविरुद्ध आवाज उठल्यावर जे लिहून ठेवले गेले, त्याने वाचली. माझ्या आईच्या हजेरीपटापर्यंत येऊन पोहोचलेली ही वाट शंभर वर्षांची आहे.

वरच्या माणसाचे बळ सर्वांत स्पष्ट दिसते ते नुकसान करण्यात, हे माझे अनुभवाने झालेले मत आहे. घडवायला अनेक हात आणि अनेक वर्षे लागतात, मोडायला एका माणसाचे सहा महिने पुरतात. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा रोग्यांना वेगळे काढणे आणि घरे निर्जंतुक करणे हे उपाय त्या काळच्या समजुतीला धरूनच होते. परंतु ब्रिटिश अधिकारी रँड यांच्या प्लेग समितीने ते ज्या रीतीने अमलात आणले, गोरे सैनिक घराघरांत घुसवले, त्या रीतीमुळे लोक रोग्यांना लपवू लागले, आणि साथीत रोगी लपणे याहून वाईट काही नसते. त्याच शहरात सावित्रीबाई फुले मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. अधिकार रँड यांच्याकडे होता, विश्वास सावित्रीबाईंकडे होता. साथ आटोक्यात आणण्यासाठी दोन्हींची एकाच ठिकाणी गरज होती, आणि अधिकाराच्या जागी बसलेल्या माणसाला ते कळले नाही.

किल्लारीच्या भूकंपाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पंचनाम्यांसाठी मला तिकडे पाठवले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे कोसळली आणि सरकारी आकड्यानुसार ७,९०० हून अधिक माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. मुख्यमंत्री शरद पवार तातडीने त्या भागात पोहोचले, प्रवीण परदेशी तेव्हा लातूरचे जिल्हाधिकारी होते, लष्कर आले, राज्यभरातून स्वयंसेवक आले. पहिल्या आठवड्यात वरचा माणूस जागेवर असणे किती मोलाचे असते ते मी तिथे डोळ्यांनी पाहिले. एरवी ज्या मंजुरीसाठी महिना लागे ती उभ्या उभ्या मिळत होती, आणि चूक झाली तर साहेब आपल्याला एकटे पाडणार नाहीत या भरवशावर कारकुनाने स्वतःच्या सहीने साहित्य सोडले होते. नेतृत्वाचा खरा उपयोग मला तिथे समजला. खालच्या माणसाची भीती काढून टाकणे, हा तो उपयोग होय.

पुनर्वसनाची गोष्ट मात्र वेगळी आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. नवी गावे सरळ रस्त्यांची, आखीव चौकोनांची, शहरातल्या वसाहतींसारखी झाली. त्या आखणीत वाड्याचे अंगण, भावकीची गल्ली, गुरांचा गोठा आणि शेताकडे जाणारी वाट यांना जागा अपुरी पडली, आणि कित्येक कुटुंबांना ती घरे आपलीशी वाटायला फार वर्षे लागली. ज्या गावांत घरे जागच्या जागीच दुरुस्त आणि भक्कम करायची होती तिथे घरमालकाच्या हाती पैसे आणि तांत्रिक सल्ला देण्यात आला, गावातील बायांच्या गटांनी देखरेख केली, स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना साहाय्य केले. तीच वर्षे, तेच शासन, तोच निधी. फरक होता तो निर्णय कोणाच्या अंगणात झाला याचा. मुंबईत बसलेल्या सर्वांत हुशार माणसालाही लोहाऱ्याच्या शेतकऱ्याचा गोठा कुठे हवा हे ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि त्यात त्याचा दोषही नव्हता. विचारण्याची सोय मात्र त्याच्या हाती होती.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सर्वांत भक्कम उदाहरण सुरतेचे दिले जाते, आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खानदेशातील हजारो मराठी कुटुंबे त्या शहरात राबतात, त्यामुळे १९९४ च्या सप्टेंबरातील प्लेगची धावपळ आपल्याकडेही पोहोचली होती. काही दिवसांतच लाखो लोक शहर सोडून गेले. पुढच्या वर्षी सू. रा. राव महापालिका आयुक्त झाले, आणि दोनेक वर्षांत कचऱ्यासाठी कुप्रसिद्ध असलेले ते शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. एक माणूस आला आणि शहर बदलले, असेच वरवर दिसते. परंतु राव यांनी काय केले ते पाहावे. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला आयुक्तांचे बरेचसे अधिकार दिले, वातानुकूलित खोल्यांतील अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवले, आणि बेकायदा बांधकामे पाडताना धनदांडग्यांपासून सुरुवात केली, म्हणून गरिबानेही ती कारवाई मानली. स्वतःचे अधिकार त्यांनी वाटून टाकले होते. म्हणूनच त्यांची बदली झाल्यावरही त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांना ती घडी चालवता आली. प्लेगमुळे हादरलेले शहर बदलासाठी तयार होते, हेही खरे. पण हादरलेली शहरे पुष्कळ असतात आणि ती सगळी बदलत नाहीत. राव यांचा वाटा मोठा होता, आणि तो मोठा होता कारण त्यांनी तो स्वतःपाशी ठेवला नाही.

आता आमच्या दप्तराकडे वळतो. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कार्यालयाची रचना मुळापासून बदलली. कागदांची मांडणी, कामाची वाटणी, कोणत्या मेजावर काय होते हे आलेल्या माणसाला कळेल अशी व्यवस्था, हे सगळे त्यांनी इतके नीट बसवले की लखीना पॅटर्न हे नावच पडले आणि तो पाहायला दुरून अधिकारी येत. मी नोकरीला लागलो त्या सुमारास आम्हा नव्या कारकुनांना तो शिकवला गेला. २०१७ च्या आसपास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही कागद प्रलंबित न ठेवण्याची, मोहीम राबवली, तेव्हा पुन्हा एकदा कपाटे उघडली, गठ्ठे सुटले, सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत विभागण्याच्या सहा गठ्ठा पद्धतीप्रमाणे कागद लागले आणि नष्ट करण्याजोगी रद्दी खरोखर बाहेर निघाली. या दोघांबद्दल माझ्या मनात आदर आहे. परंतु या दोन प्रयत्नांमध्ये तीस-एक वर्षांचे अंतर आहे, आणि दुसऱ्या वेळी बरेचसे काम पुन्हा पहिल्यापासूनच करावे लागले, ही गोष्ट शासनाने विचारात घ्यावी.

ते असे का होते, हे मी एका तालुका कार्यालयात जवळून पाहिले आहे. तिथे एका तहसीलदारांनी चौदा महिने खपून अभिलेख कक्ष लावला. प्रत्येक गावाचे जुने फेरफार मिनिटांत सापडू लागले, आणि त्यासाठी दलाल धरणारे शेतकरी सरळ खिडकीवर येऊ लागले. पंधराव्या महिन्यात त्यांची बदली झाली. पदभार देताना त्यांनी जे प्रमाणपत्र भरले त्यात तिजोरीची रोकड, वाहन, शिक्के आणि कपाटाच्या किल्ल्या यांची नोंद होती. अभिलेख कक्ष कसा लावला आहे, कोणती नोंदवही रोज भरली जाते, ती कोण भरतो, तो रजेवर गेला तर कोणी भरायची, यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. नव्या साहेबांना दोन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार होता. अभिलेखपालाचे पद रिक्त झाले ते भरले गेले नाही. वर्षभरात कागद पुन्हा जमिनीवर आले आणि त्याबरोबर दलालही परतले. नव्या साहेबांचा पायगुण वाईट, असे लोक म्हणाले. ते साहेब सज्जन आणि कष्टाळू होते, हे मी त्यांच्या हाताखाली काम केले म्हणून सांगू शकतो.

कोविडच्या काळात मी निवृत्त होतो, त्यामुळे दुरूनच पाहिले. मुंबईत ८ मे २०२० रोजी आयुक्त बदलले, आणि पुढे साथ हाताळण्याच्या मुंबईच्या पद्धतीची देशभर वाखाणणी झाली. प्राणवायूच्या व्यवस्थापनाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला मुंबईकडे पाहण्यास सांगितले. खाटांचे वाटप २४ प्रभागांच्या वॉर रूमकडे सोपवण्याचा निर्णय निःसंशय चांगला होता. पण तो निर्णय पेलण्यासाठी प्रत्येक प्रभागात कार्यालय, आरोग्य अधिकारी आणि वस्त्या ओळखणाऱ्या आरोग्य सेविका आधीपासून होत्या, प्लेगच्याही आधीपासून उभे असलेले कस्तुरबा रुग्णालय होते, आणि महापालिकेची स्वतःची वैद्यकीय महाविद्यालये होती. नंदुरबारला यातले जवळजवळ काहीच नव्हते. तिथे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी, जे स्वतः डॉक्टर आहेत, पहिली लाट ओसरत असताना, २०२० च्या सप्टेंबरातच, प्राणवायूचा प्रकल्प उभा करायला घेतला. दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे धावत असताना त्या आदिवासी जिल्ह्याला त्याचा उपयोग झाला. नेतृत्वाने फरक पडतो तो असा. संकट शिगेला पोहोचल्यावर केलेल्या धावपळीपेक्षा, दोन संकटांच्या मधल्या शांत महिन्यांत, कोणी विचारत नसताना केलेल्या तरतुदीने तो अधिक पडतो. आणि हे महिने नेमके असे असतात की त्यात केलेल्या कामाला हारतुरे मिळत नाहीत, गोपनीय अहवालात त्यासाठी ओळ नसते.

महोदय, आता माझी विनंती. ती नवी नाही, आणि तिच्यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. बदल्यांचे विनियमन करणारा २००५ चा अधिनियम आपल्याच राज्याचा आहे. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षे असावीत, असे त्यात अखिल भारतीय सेवांच्या अधिकाऱ्यांसाठी आणि राज्य सेवेतील अ, ब, क गटांच्या कर्मचाऱ्यांसाठी म्हटले आहे. मुदतीपूर्वी बदली करायची झाल्यास कारणे लेखी नोंदवावीत, असेही म्हटले आहे. त्याच अधिनियमाने कोणाच्याही मेजावर नस्ती (फाइल) सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक राहू नये असे बंधन घातले. ते बंधन कारकुनाला तपासणीत विचारले जाते, बदलीचे कारण मात्र कोणाला विचारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली किमान कार्यकाळाबद्दल आदेश दिले, २०१४ साली केंद्राने भारतीय प्रशासन सेवेच्या संवर्ग नियमांत दोन वर्षांची तरतूद केली. तरीही तुकाराम मुंढे यांच्यासारख्या अधिकाऱ्याच्या वीस वर्षांत वीसहून अधिक बदल्या होतात. त्यांची कार्यपद्धती सर्वांना मान्य आहे असे नाही, आणि मी तिची बाजू मांडण्यासाठी हे लिहीत नाही. वर्षभराच्या मुक्कामात त्या कार्यपद्धतीचे गुण रुजत नाहीत आणि तिचे दोषही सिद्ध होत नाहीत. समर्थक आणि विरोधक दोघेही आपापल्या समजुतीवर ठाम राहतात, आणि संस्थेला काही शिकायला मिळत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

खुर्ची अधिक काळ मिळाली की सारे सुरळीत होईल, असा माझा भाबडा समज नाही. एकाच अध्यक्षाच्या हाती दशकानुदशके राहिलेल्या सहकारी संस्था आपल्या जिल्ह्यांत कमी नाहीत. त्यांतल्या काही भरभराटीला आल्या आणि काही त्या अध्यक्षासहित बुडाल्या. म्हणूनच मी मुदतीइतकाच भर पदभाराच्या कागदावर देत आहे. जाणाऱ्या अधिकाऱ्याने किल्ल्या आणि शिक्के यांबरोबर चार पाने लिहून द्यावीत: काय सुरू केले, ते कोणाच्या भरवशावर चालते, काय फसले आणि का फसले, येत्या पावसाळ्यापूर्वी काय करायलाच हवे. ती पाने येणाऱ्या अधिकाऱ्याने वाचल्याची सही करावी, आणि दोन वर्षांनी कोणीतरी त्या कार्यालयात जाऊन त्यातले काय शिल्लक आहे ते पाहावे. जाणाऱ्याच्या कामाचे मोल त्या शिल्लकेवर ठरवावे. येणाऱ्याच्या मूल्यमापनात, आधीच्याचे चांगले काम त्याने किती चालू ठेवले हाही मुद्दा असावा, कारण आज ते चालू ठेवण्यात त्याला काहीच लाभ नाही, नवी मोहीम काढण्यात आहे.

रिक्त पदांचा प्रश्न याच्याशी जोडलेलाच आहे. तलाठ्याकडे तीन सजे (तीन तलाठ्यांची कार्यक्षेत्रे), मंडळ अधिकाऱ्याकडे दोन मंडळे आणि तहसीलदाराकडे शेजारच्या तालुक्याचा प्रभार असताना, जिल्ह्याला कितीही धडाडीचा जिल्हाधिकारी दिला तरी त्याची धडाडी झिरपायला खाली जमीनच उरत नाही. माझ्या नोकरीच्या बहुतेक काळात दुष्काळ जाहीर होई तो नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम पैसेवारीवर, आणि ती पैसेवारी तलाठी शेतावर उभा राहून पीककापणी पाहतो तेव्हाच खरी असते. तीन सजे असलेला तलाठी ती घरी बसून भरी. त्या आकड्यावर मंत्रालयात जो निर्णय होई तो कितीही शहाण्या माणसाने घेतला तरी चुके, आणि ५० पैशांच्या वर एक पैसा दाखवला गेला म्हणून एक अख्खे गाव सवलतींना मुके.

आपल्या विभागाकडून बदल्यांचे आदेश निघतात तेव्हा त्यांत तीन रकाने असतात: अधिकाऱ्याचे नाव, सध्याचे पद, नवे पद. त्याच कागदावर आणखी दोन रकाने वाढवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सध्याच्या पदावर किती महिने झाले, हा एक. आणि तीन वर्षे पूर्ण झाली नसतील तर अधिनियमाप्रमाणे नोंदवलेले कारण, हा दुसरा. आदेश आजही सर्वांना पाहायला मिळतात, त्यामुळे यासाठी वेगळा खर्च येणार नाही. पुढची सर्वसाधारण बदल्यांची यादी एप्रिल-मेमध्ये निघेल, आणि ती मी नेहमीप्रमाणे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून, महसूल विभाग